तुसांतील गारगोटी

ब्रह्मपुरीचा प्रदेश धानाचा. धान भरडलें कीं सुमारें पांचव्या हिश्श्याइतकें तूस निघतें. तें गुरांना पचत नाहीं व मातींत लवकर कुजतही नाहीं. याचें कारण त्यांतील सिलिका, म्हणजे गारगोटीचेंच द्रव्य होय.

वनस्पतींत दगड कोठून आला? अठराव्या शतकाच्या अखेरीस हम्फ्री डेव्ही यांना वेताच्या व गवताच्या सालींत सिलिका आढळली. ती सिलिकॉन व प्राणवायु यांची बनलेली. धातु व अधातु यांच्या सीमेवरील हें सिलिकॉन मूलद्रव्य बर्झेलियस यांनीं १८२४ सालीं वेगळें केलें. धानाचीं मुळें पाण्यांत विरघळलेली सिलिका शोषितात आणि तीच तुसांत सांचून दाण्याचें चिलखत होते.

तूस जाळल्यावर उरणारी राख बहुतांशीं सिलिकाच असते. म्हणून तिनें भांडीं लखलखीत निघत. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पी. के. मेहता यांनीं दाखविलें कीं, बेताच्या आंचेवर जळलेली राख चुन्याशीं संयोग पावून सिमेंटाला बळकटी देते. फार प्रखर आंचेंत मात्र तीच सिलिका स्फटिकरूप होते. मग ती सिमेंटाशीं सहजीं संयोग पावत नाहीं आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. तुसाचें धन करावयाचें कीं विष, हें आंचेवर अवलंबून आहे.