नेटवर्क-जोडण्यांची पाहणी

एखादा संगणक कोणत्या संगणकाशी, कोणत्या पोर्टवरून, केव्हा आणि किती डेटाची देवाणघेवाण करतो याची नोंद ठेवून ती तपासण्याचे तंत्र. व्यवहारात याला नेटवर्क मॉनिटरिंग म्हणतात. त्यासाठी मजकूर वाचावा लागतोच असे नाही. पॅकेटच्या शीर्षभागांतील दोन्ही टोकांचे पत्ते, प्रोटोकॉल, पोर्ट आणि पॅकेट आल्याची वेळ एवढ्यावर बहुतेक काम भागते. आजची बरीचशी वाहतूक कूटबद्ध असल्यामुळे याहून फारसे काही दिसतही नाही.

नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रात दोन-चार संगणक एकाच राउटरला जोडलेले असतात. प्रत्येकाला बहुधा 192.168 ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो आणि बाहेर जाताना राउटर त्याजागी एकच सार्वजनिक पत्ता लावतो. इंटरनेट कंपनीने तोही अनेक ग्राहकांत वाटलेला असेल, तर पलीकडच्या सर्व्हरकडे असलेल्या आयपी पत्त्यावरून नेमका संगणकच काय, केंद्रही ओळखता येत नाही. त्यामुळे पाहणी आतूनच करावी लागते. विंडोजमध्ये ‘नेटस्टॅट -एएनओ’ ही आज्ञा दिली की चालू जोडण्या, त्यांची स्थिती आणि त्या उघडणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक दिसतो. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे टीसीपीची तीन टप्प्यांची सुरुवात पुरी होऊन जोडणी झालेली. ‘लिसनिंग’ म्हणजे पोर्ट उघडे ठेवून कोणी येण्याची वाट पाहणे. पोर्ट 443 वरील जोडण्यांची लांबलचक यादी पाहून नवखा माणूस दचकतो, पण ती बहुधा ब्राउझरचीच असते. ओळखीच्या नसलेल्या प्रक्रियेने उघडलेले ‘लिसनिंग’ पोर्ट दिसले, तर मात्र शोध घ्यावा.

पॅकेट पकडून दाखवणारे टीसीपीडम्प अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत 1988 च्या सुमारास तयार झाले. 1998 मध्ये इथिरियल नावाने आलेला तशाच कामाचा प्रोग्रॅम 2006 पासून वायरशार्क म्हणून ओळखला जातो. मोठ्या जाळ्यांत प्रत्येक पॅकेट साठवणे परवडत नाही. तेथे सिस्कोच्या नेटफ्लोसारख्या पद्धतीने प्रत्येक संवादाचा केवळ गोषवारा ठेवतात.

या तंत्राचे महत्त्व महाराष्ट्राला महागात पडून कळले ते पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यात. 11 ऑगस्ट 2018 रोजी काही तासांत बनावट कार्डांनी भारतासह अनेक देशांतील एटीएममधून सुमारे 80 कोटी रुपये काढले गेले. 13 ऑगस्टला स्विफ्ट या आंतरबँक संदेशप्रणालीमार्गे आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगमधील खात्यात वळवले गेले. तपासात पुढे आलेल्या माहितीनुसार कार्डांच्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. हल्लेखोरांनी उभा केलेला बनावट स्विच (कार्डांच्या मागण्या बँकेकडे पोचवणारी यंत्रणा) त्यांना मधूनच मंजुरी देत राहिला. सुरक्षेच्या चर्चेत सहसा अनोळखी जोडणी शोधण्यावर भर असतो. इथली खूण उलटी होती: मंजुऱ्या धडाधड बाहेर जात होत्या, पण त्यांच्या जोडीने स्विच आणि खात्यांच्या सर्व्हरमध्ये व्हायला हवा तो संवाद नव्हता. अशी उणीव ओळखायची तर रोजची वाहतूक किती आणि कोणाकोणात असते याचा आधाररेखा-नमुना आधीपासून हाताशी लागतो. पाहणीचे खरे काम तिथे आहे. भिंतीवरच्या पडद्यावरील रंगीत आलेख त्यामानाने दुय्यम.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी नोंदी 180 दिवस जपायच्या, ठरावीक प्रकारच्या घटना 6 तासांत कळवायच्या आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची असतात. घड्याळाची अट किरकोळ वाटते. पण सामायिक सार्वजनिक पत्त्यामागचा ग्राहक शोधताना पत्त्याबरोबर पोर्ट आणि अचूक वेळ जुळवावी लागते. छोट्या कार्यालयांतील साध्या राउटरची नोंद बहुधा तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज गेली की पुसली जाते. ती टिकवायची तर सिसलॉगने दुसऱ्या संगणकावर पाठवतात, आणि दोन्हींना इन्व्हर्टरवर ठेवतात.