कोटी, बतावणी आणि टाळीचे वाक्य

मराठी नाटक-चित्रपटांच्या परीक्षणांत 'संवाद चुरचुरीत आहेत' हा शेरा प्रशंसेचा समजला जातो. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी तर या चुरचुरीतपणाला रोजच्या रतिबाचे रूप दिले आहे. अलीकडे याच्या उलट तक्रारही ऐकू येते. पात्रे माणसांसारखी बोलत नाहीत, सगळी लेखकासारखीच बोलतात, आणि त्यामुळे कथानकातला जीव जातो, अशी ती तक्रार. दोन्ही बाजूंची ही चर्चा पांढरपेशा रसिकतेच्या चौकटीतच चालते. चतुर संवादाने कलाकृती रंगते की बिघडते, एवढाच तिचा सवाल असतो. हे चातुर्य कोणाच्या तोंडी घातले आहे, ते कोणावर चालवले आहे आणि टाळी वाजून गेल्यावर मागे काय उरते, हे प्रश्न तिला पडत नाहीत. दलित-बहुजनांच्या रंगपरंपरेने मात्र हे प्रश्न फार पूर्वीच हाताळले आहेत. म्हणून या विषयाकडे इतिहासाच्या बाजूने पाहणे आवश्यक वाटते.

मराठी संवादातील चातुर्याचे दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. एक कोटीचा आणि दुसरा बतावणीचा.

कोटीचा प्रवाह श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी आणि आचार्य अत्रे या परंपरेतून आला. 'एकच प्याला'सारख्या शोकांतिकेतही गडकऱ्यांचा तळीराम कोट्या करतो, आणि त्या कोट्या प्रेक्षक घरी घेऊन जातात. अत्र्यांनी हा वारसा रंगभूमीवरून बोलपटात आणला. १९३८ चा 'ब्रह्मचारी' हे त्याचे ठळक उदाहरण. कोटीत शब्द शब्दाशी खेळतो. बोलणारा नोकर असो की मालक, जिंकतो शेवटी नाटककारच. भाषेवर ज्यांची पिढ्यानपिढ्या मालकी होती, त्यांचा हा खेळ होता. त्यात कौशल्य निश्चितच होते. परंतु ज्याच्या घरात पहिल्यांदा पाटी आली, त्याला या खेळात प्रेक्षक म्हणूनही जागा अवघडूनच मिळाली.

बतावणीची जातकुळी वेगळी. तमाशातला सोंगाड्या सरदाराला, कोतवालाला, सावकाराला त्याच्याच शब्दांत पकडतो. तो उलट अर्थ घेतो, वेड पांघरतो, 'मला काय कळतं मालक' म्हणत मालकाचेच पितळ उघडे पाडतो. महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी ही कला जोपासली. समोरच्या सत्तेला थेट उत्तर दिले तर पाठ फुटेल, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे हे चातुर्य आहे. आमच्या वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातील खडी गंमत आणि दंडार यांतही ते आढळते. बतावणीत माणूस माणसाला पकडतो. शब्द हे फक्त साधन.

या साधनाला परिवर्तनाची दिशा प्रथम दिली जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिला व तिच्या नवऱ्याला लुबाडतो, असा त्याचा विषय. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही, याची नोंद जोतीरावांनी स्वतःच 'गुलामगिरी'त केली आहे. या नाटकात विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या असतो. जोतीरावांचा विदूषक जोशाच्या प्रत्येक बतावणीची पोलखोल करीत जातो. त्याच्या बोलण्यात धार आहे, थट्टा आहे. परंतु नाटकाचा शेवट विदूषकाच्या फटक्यावर होत नाही. कुणबी जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रशाळेत शिकायला जाण्याचे ठरवते, आणि ते अगदी साध्या शब्दांत. चातुर्याने डोळ्यांवरची पट्टी काढायची आणि नंतर माणसाने आपल्या पायांनी चालू लागायचे, असा हा क्रम आहे. तो नीट लक्षात घेतला पाहिजे.

सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हाच क्रम पाळला. नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात जलसा गावोगाव नेला. कर्डकांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली आले आणि त्या चळवळीची हकीकत आपल्या हाती लागली. जलशाने तमाशाचा साचा घेतला, पण बाईला नाचवणे टाकले, गौळणीतला कृष्ण टाकला. बतावणी मात्र ठेवली. पाणवठा, मंदिरप्रवेश, शिक्षण यांवर दोन पात्रांची खडाजंगी लागे आणि लोक पोट धरून हसत. विशेष म्हणजे हे हसू आपल्यावरही होते. मृत मांस, दारू, लग्नातले कर्ज यांची टर आपल्याच वस्तीत आपल्याच माणसांसमोर उडवली जाई. आणि हशा ओसरला की शाहीर डफावर सरळ गाणे घेई, त्यात काय करावयाचे ते सांगितलेले असे. हसण्याने कान उघडत आणि गाण्याने काम सोपवले जाई. अण्णा भाऊ साठे यांनी 'अकलेची गोष्ट'सारख्या वगात शेतकऱ्याच्या अकलेला सावकाराच्या अकलेसमोर उभे केले, तेही याच मार्गाने.

चित्रपटाने या दोन्ही प्रवाहांतून उचल केली, पण क्रम मोडला. १९६५ च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगात दादा कोंडके कोतवालाची भंबेरी उडवीत होते. १९७१ च्या 'सोंगाड्या'ने त्यांना पडद्यावर मोठे केले. गिरणगावातून आलेल्या या कलावंताने बहुजन प्रेक्षकाला स्वतःसारखा दिसणारा नायक दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु पुढे त्या द्व्यर्थी बोलण्याचा रोख कोतवालावरून बाईच्या देहाकडे वळत गेला. बतावणीतली सत्ता गेली आणि नुसते बोलणे उरले. जलशाने जे जाणीवपूर्वक टाकले होते, ते पडद्याने तिकीट लावून परत आणले.

दुसऱ्या टोकाला १९७५ चा 'सामना' आहे. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांची पटकथा. तेंडुलकरांनी रंगभूमीवरची कोटीबाजी मोडून तुटक, अडखळते, घरातले बोलणे आणले होते. 'सामना'त हिंदुराव धोंडे-पाटील आणि मास्तर यांची बोलण्यातली झुंज अप्रतिम आहे. निळू फुले आणि श्रीराम लागू यांनी ती अजरामर केली. परंतु साऱ्या चित्रपटाला पुरून उरतो तो एक प्रश्न : मारुती कांबळे याचे झाले तरी काय? या प्रश्नात कोटी नाही, उपमा नाही. मास्तर तो पुन्हा पुन्हा विचारतात आणि साखर कारखान्याच्या साम्राज्याला घाम फुटतो. चतुर संवाद जिथे थकतो तिथे साधा प्रश्न उभा राहतो, याचा हा पुरावा. मात्र आपण आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे. मारुती कांबळेबद्दल मास्तर बोलतात, पाटील बोलतो, गाव कुजबुजते. मारुती कांबळेचे स्वतःचे शब्द किती आहेत? चतुराईची झुंज दोन सवर्ण पुरुषांत लागते आणि कांबळे त्या झुंजीचा विषय होतो.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. 'फँड्री' हा कैकाडी बोलीतला डुकराचा शब्द. जब्याच्या घरातला हा शब्द गावातली पोरे उचलतात आणि त्याच्याच अंगावर फेकतात. डुक्कर धरण्याच्या त्या दीर्घ प्रसंगात विनोदबुद्धी सगळी बघ्यांकडे आहे. ते शेरे मारतात, फोटो काढतात, हसतात. धावणाऱ्या कुटुंबाला हजरजबाबी व्हायला उसंतच नाही. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याकडे फटकारा नाही आणि ज्याला काही काम नाही त्याच्याकडे शब्दांची श्रीमंती आहे. गावगाड्यातली भाषेची वाटणी याहून नेमकी कोणी दाखवलेली नाही. शेवटी जब्या दगड उचलतो. दिग्दर्शकाने तिथे त्याच्या तोंडी एखादे टाळीचे वाक्य दिले असते, तर तो दगड प्रेक्षकाच्या कपाळापर्यंत पोहोचलाच नसता.

त्याच मंजुळ्यांच्या 'सैराट'ने (२०१६) मात्र वेगळा धडा दिला. मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, हा आर्चीचा ठसका महाराष्ट्राच्या तोंडी बसला. कॉलेजच्या आवारात, मिरवणुकीत, जाहिरातीत तो फिरला. चित्रपटाची शेवटची मिनिटे मात्र निःशब्द आहेत. बाळाची रक्ताची पावले उमटतात आणि आवाज बंद होतो. लोकांनी सोबत नेला तो ठसका. शांतता तिथेच सोडली. त्याच चित्रपटात शिकवत असलेल्या लोखंडे सरांच्या थोबाडीत पाटलाचा पोरगा भर वर्गात मारतो, आणि पुढे पाटलाच्या घरी ती गोष्ट हसण्यावारी जाते. फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते हसू थपडेपेक्षा अधिक लागते. वर्गातली चर्चा आर्चीच्या वाक्यावर रंगते. लोखंडे सरांचे पुढे काय झाले, असे एकाही विद्यार्थ्याने मला अद्याप विचारलेले नाही. चतुर वाक्य कलाकृतीला हानी करते ती अशी : ते आठवणीतली जागा अडवून बसते.

आता आमच्या जिल्ह्याशी नाते सांगणारा चित्रपट घेऊ. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते वर्धा जिल्ह्यातील परसोडीचे. नागपुरातील आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. जन्मभर शब्दांवर जगलेल्या या माणसाला चित्रपटात न्यायालयातली जोरदार भाषणे दिलेली नाहीत. गटारात उतरणाऱ्या कामगाराने शाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा शाहिरावर आरोप आहे. हिंदी चित्रपट असता तर वकिलाने टेबलावर मूठ आपटून पाच मिनिटे गाजवली असती. येथे सरकारी वकील कलमे एकसुरात वाचते. मृत कामगाराची विधवा साक्ष देते : आत उतरण्यापूर्वी तो खडा टाकून पाही, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे, वास सहन व्हावा म्हणून पिई, एक डोळा गेला होता. ती हे सांगताना रडत नाही, आवाज चढवत नाही. खटल्याचा सगळा खोटेपणा त्या सपाट उत्तरांनी उघडा पडतो.

याच चित्रपटात एक नाटक आहे. ती सरकारी वकील सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीय जावयाला हुसकावून लावणारे फर्डे संवाद चालू आहेत आणि सभागृह टाळ्यांनी दणाणते आहे. चटपटीत संवाद कोणत्या कामी येतात, याची याहून बोलकी मीमांसा मला माहीत नाही. टाळी वाजवणारी माणसे वाईट नाहीत. घरी स्वयंपाक करणारी, मुलांना शाळेत पाठवणारी माणसे आहेत. परंतु त्या टाळीने त्यांचा प्रश्न विचारण्याचा अवयव बधिर होतो, आणि न्यायालयात तीच वकील शाहिराला तुरुंगात ठेवण्याची मागणी शांतपणे करू शकते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की आमच्या माणसाने पडद्यावर गप्प राहावे, म्हणजे कलाकृती थोर होते. हा निष्कर्ष धोक्याचा आहे. मुका दलित सोसणारा असतो, पाहायला सोयीचा असतो. त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. शांतता हे हत्यार जब्याच्या हाती शोभले, कारण तिचा शेवट दगडात झाला. प्रत्येक वेळी तीच वापरली तर तीही एक कोटीच होईल. नागपुरात घडणाऱ्या 'झुंड'मध्ये (२०२२) झोपडपट्टीतली पोरे आपापल्या बोलीत स्वतःची कहाणी सांगतात, तो प्रसंग चित्रपटाचा प्राण आहे. शेवटचे प्रभावी भाषण मात्र न्यायालयात प्रशिक्षकाच्या तोंडी जाते. पोरांना अनुभव मिळतो आणि अर्थ सांगायचे काम दुसऱ्याकडे राहते. मारुती कांबळेच्या बाबतीत जे झाले त्याच्याशी हे जुळते.

दूरचित्रवाणीवर आणखी एक प्रकार आहे. २०१९-२० मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरील मराठी मालिकेने त्यांचे चरित्र अशा घरांत नेले, जिथे त्यांचा फोटोही नव्हता. हे मोठे काम होते. परंतु अशा मालिकांत महापुरुष घरातही सुभाषितेच बोलतो. त्याला शंका येत नाही, तो शब्द शोधत नाही. विचार करणारा माणूस दिसेनासा होतो आणि पुतळा बोलू लागतो. आणि हास्यकार्यक्रमांत आमची वऱ्हाडी बोली आली की ती हसण्यासाठीच येते. ज्या बोलीत आमच्या आयाबाया कापूस वेचताना संसार सांगतात, तिच्यात गंभीर वाक्य उच्चारता येते हे पडद्याला अजून मान्य नाही.

हे सारे मांडण्याचे कारण व्यवहाराचे आहे. आमच्या महाविद्यालयांतील मुले-मुली युवक महोत्सवासाठी एकांकिका लिहितात. त्यांतली पुष्कळशी घरातली पहिली शिकलेली. त्यांच्या संहितेत दर पानाला एक टाळीचे वाक्य असते, आणि ते बहुधा मालिकेतून आलेले असते. त्यांना चातुर्य सोडा असे मी सांगत नाही. बतावणी हा त्यांचा वारसा आहे आणि तो कोटीबाजांच्या स्वाधीन करण्याचे कारण नाही. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी'ने हे दाखवून दिलेच आहे की खेळकर बोलण्यातूनही तहानेचा प्रश्न मांडता येतो. मी त्यांना प्रत्येक वाक्यापाशी तीन गोष्टी विचारायला सांगतो. हे वाक्य या पात्राचे आहे की माझे? ते वरच्यावर पडते की खालच्यावर? आणि टाळी थांबल्यावर प्रेक्षकाच्या हातात कोणते काम राहते?

परवा एका विद्यार्थिनीने संहिता परत आणली. शेवटचे जोरकस वाक्य तिने खोडले होते. त्या जागी एक बाई ग्रामपंचायतीच्या सचिवाला फक्त विचारते की आमच्या वस्तीची नळाची लाईन केव्हा येणार. सचिव उत्तर देत नाही. बाई जात नाही. पडदा पडेपर्यंत ती तिथेच उभी आहे.