पिवळ्या कार्डापासून घराघरापर्यंत : जन आरोग्य योजनेची वाटचाल

लातूर–नांदेड रस्त्यावरच्या चाकूर तालुक्याला औषधांची ओळख जुनी आहे. वडवळ नागनाथच्या बेटावर वनौषधींसाठी लोक दुरून येतात. पण घरात कुणाच्या हृदयाचे ऑपरेशन निघाले की झाडपाला कामाचा नसतो. तेव्हा एक तर सावकार गाठायचा, नाही तर जमिनीचा तुकडा विकायचा. महाराष्ट्र शासनाने 1997 मध्ये 'जीवनदायी' योजना आणली ती अशाच कुटुंबांसाठी. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांत तिचा आधार मिळाला. लाभाची व्याप्ती मात्र मर्यादित होती.

2 जुलै 2012 रोजी 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळे, केशरी, अंत्योदय आणि अन्नपूर्णा कार्ड असलेल्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण मिळाले. कुटुंबामागे 333 रुपयांचा हप्ता सरकारने विमा कंपनीकडे भरला. पहिल्या आठांत नांदेड होते, लातूर नव्हते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या गावांपैकी नांदेडच्या हद्दीतली योजनेत आली आणि चाकूरकर थांबून राहिले. 21 नोव्हेंबर 2013 रोजी योजना राज्यभर लागू झाली आणि चाकूरची प्रतीक्षा संपली.

त्याच सुमारास अमेरिकेत विम्याच्या सक्तीवरून मोठा वाद चालला होता. प्रत्येकाने आरोग्य विमा घ्यायलाच हवा, न घेतल्यास दंड, असा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने 2006 मध्ये केला. 2010 मध्ये तेच तत्त्व देशाच्या कायद्यात आले आणि 28 जून 2012 रोजी, म्हणजे नांदेडात योजना सुरू होण्याच्या चार दिवस आधी, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. पुढे 2019 पासून केंद्राचा दंड शून्य झाला, तेव्हा न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनी आपापली सक्ती लागू केली. मराठवाड्याला सक्तीच्या विम्याचा अनुभव पीक विम्यातून होता. 2020 च्या खरिपापर्यंत पीककर्ज घेणाऱ्याला तो चुकवता येत नसे. ज्याच्या पेरणीचीच हमी नाही, त्याच्यावर आरोग्याच्या हप्त्याचा बोजा टाकणे अन्यायाचे ठरले असते. सरकारनेच हप्ता भरायचा, हा निर्णय म्हणूनच योग्य होता.

योजना रुजली ती आरोग्यमित्रांमुळे. अंगीकृत रुग्णालयाच्या दाराशी त्यांचे टेबल असते. समोर गावाकडचा माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या पडलेले रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी काढतो. आरोग्यमित्र नोंद करतो, रुग्णालय पूर्वपरवानगी मागते आणि उपचार सुरू होतात. तपासण्या, औषधे, जेवण आणि परतीचे एसटीचे भाडेही पॅकेजमध्ये धरलेले होते. ज्याने कुणी हे भाडे त्यात घातले, त्याला खेड्याची जाण होती.

अडचणीही आल्या. कार्डावरचे नाव आधारशी जुळत नसे. काही ठिकाणी रुग्णाकडून वरचे पैसे मागितले गेल्याच्या तक्रारी झाल्या. पांढरे कार्ड असलेला शेतकरी कागदावर सुखवस्तू ठरून बाहेर राहिला. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत सातबाऱ्याच्या आधारे त्याला सामावून घेतले गेले. लातूर आणि नांदेड दोन्ही त्यात होते.

2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. 1 एप्रिल 2020 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली. कोरोनाच्या त्या वर्षी मे महिन्यात कार्डाच्या रंगाची अट बाजूला ठेवून सर्व रहिवाशांना सामावून घेण्यात आले. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने मर्यादा कुटुंबामागे 5 लाख रुपये झाली, उपचारांची संख्या 1356 वर गेली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची रक्कम अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. 1 जुलै 2024 पासून हा विस्तार अमलात आला. राज्य आरोग्य हमी सोसायटीचे कर्मचारी, डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यमित्र अशा अनेकांच्या हातांनी ही मजल गाठली आहे.

चाकूर तालुक्यातील प्रत्येक कुटुंबाने आपल्या रेशन कार्डावरची आणि आधारवरची नावे आजच ताडून पाहावीत आणि 155388 हा मोफत क्रमांक घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा.