अटकेचे भय आणि महाजालाचा कायदा

मे २००० च्या पहिल्या आठवड्यात जगभरच्या कचेऱ्यांतून एक प्रेमपत्र फिरले. ‘आय लव्ह यू’ असे शीर्षक असलेला तो विरोप उघडून सोबतची फाइल कुणी पाहू गेला, की त्याच्या संगणकावरील अनेक फाइली नष्ट होत आणि त्याच्या पत्त्यांच्या यादीतील प्रत्येकाला तेच पत्र आपोआप रवाना होई. ब्रिटनच्या संसदेला आपली विरोपव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. तपासाचा माग मनिला शहरातील एका तरुण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला. पण तेथे तो अडला. असा विषाणू सोडणे हा गुन्हा आहे, असे सांगणारा कायदाच तेव्हा फिलिपिन्समध्ये नव्हता. जून २००० मध्ये तसा कायदा झाला, पण तो आधीच्या कृत्याला लावता येईना. अखेर ऑगस्टमध्ये आरोप मागे घ्यावे लागले.

ही कथा बहुधा कायद्याच्या नामुष्कीची म्हणून सांगितली जाते. आम्हांला तीत दुसरेही काही दिसते. जे कृत्य घडतेवेळी गुन्हा नव्हते, त्यासाठी कोणालाही शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातही आहे. कायदा आधी असावा, तो स्पष्ट असावा आणि सामान्य माणसाला तो कळावा, या तिन्ही अपेक्षा त्यात गृहीत आहेत. जगाचे नुकसान करणारा माणूस सुटला तरी चालेल, पण ही अट मोडता येणार नाही, असे एका लहान देशाच्या यंत्रणेने मान्य केले. महाजालावरील गुन्ह्यांच्या कायद्याचा आपल्याकडचा इतिहास या अटीच्या कसोटीवर तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

योगायोग असा, की आपल्या संसदेने माहिती तंत्रज्ञान विधेयक संमत केले ते त्याच मे महिन्यात. १७ ऑक्टोबर २००० रोजी हा कायदा अमलात आला. मात्र त्याचा जन्म गुन्हेगारीच्या चिंतेतून झालेला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी एक नमुना कायदा तयार केला होता. आपला अधिनियम त्याच्या पावलांवर पाऊल टाकून आला. डिजिटल स्वाक्षरीला मान्यता कशी द्यावी, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज केव्हा ग्राह्य धरावा, प्रमाणपत्रे कोणी द्यावीत, हे त्याचे मुख्य विषय. संगणकात शिरून केलेली मोडतोड, मूळ आज्ञावलीतील ढवळाढवळ आणि अश्लील मजकुराचे प्रसारण अशा मोजक्या गुन्ह्यांना त्यात जागा मिळाली. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर व्यापारी होता, चोर नव्हता.

चोर लवकरच आला, आणि त्याच्यामागून कायद्यातली दुरुस्ती. २००८ च्या डिसेंबरात, मुंबईवरील हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता तेव्हा, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी या अधिनियमातील मोठी दुरुस्ती फारशी चर्चा न करता संमत केली. तिच्यात उपयुक्त असे पुष्कळ होते. दुसऱ्याची ओळख चोरणे, संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे, सायबर दहशतवाद या गुन्ह्यांना त्या दुरुस्तीने प्रथमच स्वतंत्र कलमे दिली. परंतु याच दुरुस्तीतून कलम ६६-अ देखील आले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणाऱ्याला, किंवा ‘त्रास’ अथवा ‘गैरसोय’ व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कारावास देण्याची त्यात तरतूद होती.

या शब्दांची वंशावळ पाहण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली टपाल कायद्यात एक दुरुस्ती झाली आणि टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, अश्लील किंवा धमकीवजा संदेश देणे गुन्हा ठरले. तेथे एका माणसाने दुसऱ्याच्या कानात बोलण्याचा प्रश्न होता. तीच भाषा पिढ्यान्‌पिढ्या नव्या कायद्यांत उतरत गेली आणि शेवटी आपल्याकडे अशा माध्यमाला लागू झाली, जिथे माणूस चव्हाट्यावर उभा राहून बोलतो. आक्षेपार्ह कोणाला वाटले म्हणजे गुन्हा, गैरसोय कोणाची, याचे उत्तर कलमात नव्हते. ते उत्तर देण्याचे काम ठाण्यातल्या फौजदाराकडे, आणि त्याच्या दारात जमलेल्या गर्दीकडे गेले.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या दिवशी, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी प्रश्न विचारणारा छोटा मजकूर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो पसंत केल्याची खूण केली. त्यानंतर जमावाने त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि दोघी मुलींवर कलम ६६-अ सह अन्य कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला. त्यांना अटक झाली; न्यायालयाने प्रत्येकी पंधरा हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यांना सोडले. पुढे शासनाने चौकशी करून दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले आणि मुलींवरील प्रकरणही बंद झाले. परंतु एका वाक्यासाठी, इतकेच नव्हे तर दुसऱ्याच्या वाक्याला दिलेल्या मूक संमतीसाठी कोठडी पाहावी लागते, ही गोष्ट घराघरांत पोहोचली ती पोहोचलीच.

याच घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि राज्यसंस्थेला फक्त चिथावणीच्या टप्प्यावर हात घालता येतो, असे न्यायालयाने सांगितले. त्याहून आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा संदिग्धतेचा. काय केले असता गुन्हा होईल हे ज्यातून नागरिकालाही कळत नाही आणि पोलिसालाही कळत नाही, तो कायदा टिकू शकत नाही. मनिलामध्ये कायदाच नव्हता. पालघरमध्ये तो होता, पण त्याच्या कक्षेत काय येते हे सांगता येत नव्हते. नागरिकाच्या बाजूने पाहिले तर दोन्हींत फारसे अंतर नाही. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी आरोपी सुटला आणि दुसऱ्या ठिकाणी निरपराध अडकले.

रद्द झालेले हे कलम पोलीस ठाण्यांच्या दप्तरांतून मात्र गेले नाही. त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयी तीव्र आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश पुन्हा काढावा लागला.

आता पालघरहून पुण्याकडे वळू. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस बँक ही देशातील जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी दुपारपासून रात्रीपर्यंत, सुमारे सात तासांत, या बँकेचे पैसे २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढले गेले. परदेशांत सुमारे बारा हजार व्यवहारांतून ७८ कोटी, देशात सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी. आणि सोमवारी, १३ तारखेला, आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटींहून अधिक.

हे घडले कसे, ते समजून घेतले पाहिजे. एटीएममध्ये कार्ड सरकवले की यंत्र बँकेला विचारते, या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? बँकेच्या मध्यवर्ती संगणकाकडून होकार आला की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या प्रश्नोत्तरांच्या वाटेवर आपली खोटी यंत्रणा बसवली. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचतच नव्हता. मधली तोतया यंत्रणा प्रत्येक वेळी ‘द्या’ म्हणत होती. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यांतून काही कमी झाले नाही, झळ थेट बँकेला बसली. येथे कुलूप फोडण्यापेक्षा होकाराची नक्कल करणे अधिक मोलाचे ठरले.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. आपल्या हाती जे आले ते या साखळीच्या शेवटच्या टोकाचे लोक: बनावट कार्डे घेऊन कोल्हापूर व अन्य ठिकाणच्या एटीएमपुढे उभे राहिलेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अशा अकरा जणांना दोषी ठरवले. पोलिसांच्या चिकाटीला आम्ही कमी लेखत नाही. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी काही भाग परतही आला. परंतु ज्यांनी हे रचले, त्यांच्यापर्यंत आपल्या कायद्याचा हात पोहोचला नाही. अंगणातल्या मुलीपर्यंत तो एका दिवसात पोहोचला होता.

हा हात लांब करण्याचे प्रयत्न झाले आहेत. युरोपीय परिषदेचा सायबर गुन्हेविषयक करार २००१ साली बुडापेस्ट येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि २००४ मध्ये अमलात आला. तो घडवताना आपण नव्हतो आणि सार्वभौमत्वाच्या शंकाही होत्या, म्हणून भारत त्यात सामील झाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविरुद्धचा स्वतंत्र करार स्वीकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई येथे तो स्वाक्षरीसाठी मांडला गेला. चाळीस देशांनी अनुसमर्थन दिल्यावर तो लागू व्हायचा आहे. मानवी हक्क संघटनांनी त्याच्याविषयी जी भीती व्यक्त केली, ती पालघर पाहिलेल्या माणसाला नवी वाटणार नाही: व्याख्या सैल असल्या, तर दूरच्या चोरासाठी विणलेले जाळे जवळच्या टीकाकारावर पडते.

देशाच्या आतही काही बदलले. कॉसमॉसच्या घटनेनंतर सुमारे दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. फसवणुकीची तक्रार तातडीने करता यावी म्हणून १९३० हा क्रमांक सुरू झाला. या गोष्टींनी प्रत्यक्ष लाभ होतो, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच तो थोपवता येतो.

आणि तरीही गेल्या काही वर्षांत ज्या गुन्ह्याने सर्वांत अधिक घरे हादरवली, त्याला संगणकाचे कोणतेही कुलूप फोडावे लागत नाही. निवृत्त प्राध्यापकाला, एकट्या राहणाऱ्या आजींना दूरध्वनी येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे. मग पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे ठाण्याचा देखावा, पुढे शिक्क्यांची कागदपत्रे. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका.’ तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस माणूस स्वतःच्या घरात कैदी होतो आणि आयुष्याची पुंजी ‘पडताळणी’साठी पाठवून देतो. हरियाणातील एका वृद्ध दाम्पत्याला तर सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवले गेले. त्या तक्रारीची दखल घेऊन न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून कार्यवाही सुरू केली आणि डिसेंबरात अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. अटकेची कारणे सांगावी लागतात, वकिलाला भेटू द्यावे लागते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हे घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात लिहिलेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हजर राहण्याची पोलिसांची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येणार नाही. मग शिकलेली, जग पाहिलेली माणसे फसतात कशी? त्यांचा भोळेपणा किंवा लोभ अशी उत्तरे आम्ही ऐकतो आणि ती आम्हांला पटत नाहीत. लोभी माणूस लॉटरीच्या पत्राला फसतो. येथे फसतो तो कायद्याला भिणारा माणूस. आपण काही केलेले नाही हे त्याला ठाऊक असते; पण काही न करताही अटक होऊ शकते, हेही त्याने पाहिलेले, वाचलेले असते. कॉसमॉसच्या चोरांनी बँकेच्या होकाराची नक्कल केली. हे चोर राज्यसंस्थेच्या धाकाची नक्कल करतात, आणि ती हुबेहूब वठते, कारण मूळ धाक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे.

म्हणून सायबर सुरक्षेचा विचार केवळ परवलीचे शब्द आणि संरक्षक भिंती यांपाशी थांबता कामा नये, असे आम्हांला वाटते. त्या हव्यातच. परंतु अटक कशी होते आणि कशी होऊ शकत नाही, हे ज्या समाजात शाळकरी मुलालाही ठाऊक असेल आणि ठाण्यातही तसेच पाळले जात असेल, तेथे पडद्यावरच्या फौजदाराचे सोंग फार वेळ टिकणार नाही. पालघरच्या त्या मुली आज तिशी ओलांडून गेल्या असतील. त्यांना ज्या कलमाखाली पकडले ते रद्द झाले. त्याने पेरलेली भीती रद्द करण्याचा आदेश मात्र कोणत्याही न्यायालयाला काढता येत नाही. ते काम ठाण्याठाण्यांत, कायद्याच्या रोजच्या वागणुकीतून व्हायचे आहे.