खाटेखालची सतरंजी

व्यसनमुक्तीचा इतिहास लिहायला घेतला की तो पिणाऱ्याचा होतो, आणि मानसिक आजारांचा लिहायला घेतला की इस्पितळांचा नि कायद्यांचा. पेशंटच्या खाटेखाली सतरंजी टाकून रात्र काढणाऱ्या बाईचा इतिहास कुणी लिहीत नाही. आमच्या लोणंदच्या पेठेत पिणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, तिला मात्र 'त्याची बायको' एवढंच म्हणतात.

अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. नवरे सभेला बसायचे, सोबत आलेल्या बायका बाहेर गप्पा मारत थांबायच्या. बोलता बोलता त्यांना उमगलं, की पितो तो, पण घरातले सगळेच आजारी पडलेत. संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन उभं राहिलं.

आपल्याकडे गर्दने पोरं ओढली जात होती त्या काळात, २९ ऑगस्ट १९८६ ला, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. पुलं आणि सुनीताबाईंची मदत पाठीशी होती. पुढे तिथे व्यसनींच्या बायकांचा गट झाला, त्याचं नाव 'सहचरी'. मला हे नाव फार आवडतं. त्यात पतिव्रता नाही आणि बिचारीही नाही. आपण त्याच्या बाटल्या लपवतो, उधारी फेडतो, साहेबांना 'ताप आलाय' म्हणून फोन करतो, आणि त्यानेच पिणं सोपं होतं, हे अशा गटात दुसरीच्या तोंडून ऐकलं की पटतं. सासूने सांगितलं तर भांडण होतं!

मानसिक आजाराच्या बाबतीत मला डॉ. जगन्नाथ वाणी मोठे वाटतात. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया. लोक अशी गोष्ट झाकतात, त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. भावे-सुकथनकरांचा 'देवराई' (२००४) आला त्यामागेही तेच होते. सगळे अतुल कुलकर्णीच्या कामाचं कौतुक करतात, ते योग्यच. पण तो सिनेमा बहिणीचाही आहे. भावाला घरी आणल्यावर तिच्या संसाराचं काय होतं, ते सोनाली कुलकर्णीच्या चेहऱ्यावर दिसतं. वाणी २०१७ मध्ये गेले.

त्याच वर्षी मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा सरकारने पुरवाव्यात, असं त्यात चक्क लिहिलंय. १९१२ च्या इंग्रजी कायद्याला तर रुग्णाला आत ठेवण्याचीच जास्त काळजी होती.

लिहिलंय खरं. साताऱ्यात दाभोलकरांची 'परिवर्तन' आहे, पुण्यात वरच्या दोन्ही संस्था आहेत. पण लोणंदहून गेलं तर दिवस मोडतो, आणि तेवढा वेळ घरी त्याच्याजवळ कोण बसणार, तिथेच गाडी अडते. माउलींची पालखी मुक्कामाला आली की हेच गाव अनोळखी वारकऱ्यांचे पाय चेपतं, पिठलं-भाकरी करून वाढतं. शेजारच्या घरी मात्र एक दुपार कुणी जाऊन बसत नाही. 'त्यांच्या घरचं आहे ना ते' म्हणतात.

मावशी, काकू, तुम्ही हे वाचताय म्हणून विचारते, महिन्यातून एक दुपार जमेल का कुणाला?