फेअर एज्युकेशन ॲक्ट (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा 2011 चा शालेय शिक्षणविषयक कायदा. सरकारी शाळांतील इतिहास व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात समलिंगी, उभयलैंगिक व पारलिंगी (एलजीबीटी) अमेरिकनांच्या, तसेच अपंगांच्या कार्याचा समावेश करणे या कायद्याने बंधनकारक झाले. असे बंधन घालणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील पहिले राज्य होय. विधिमंडळात तो सिनेट विधेयक क्र. 48 म्हणून मांडला गेला.

पूर्वपीठिका : समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढून टाकण्याची तरतूद असलेला प्रस्ताव क्र. 6 नोव्हेंबर 1978 मध्ये राज्यातील मतदारांपुढे आला. तो मांडणारे जॉन ब्रिग्ज हे राज्य सिनेटचे सदस्य होते. सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले लोकनियुक्त प्रतिनिधी हार्वी मिल्क यांनी विरोधाची आघाडी सांभाळली. माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीही प्रस्तावाविरुद्ध मत नोंदवले. सुमारे 58 टक्के मतदारांनी तो फेटाळला. त्याच महिन्याच्या 27 तारखेला मिल्क आणि शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली. पुढे शालेय पुस्तकांत मिल्क यांचे नाव असावे की नसावे, हाच अनेक वादांचा मुद्दा ठरला.

1978 चा प्रश्न शिक्षकाच्या नोकरीचा होता. पाठ्यपुस्तकातील आशयाचा प्रश्न विधिमंडळात ठळकपणे आला तो 2006 साली, शीला क्यूल यांच्या विधेयकामुळे. मूळ मसुद्यातील समावेशाची सक्ती वगळून ते सौम्य करण्यात आले होते, तरीही गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी नकाराधिकार वापरला. त्याच श्वार्झनेगर यांनी 2009 मध्ये 22 मे हा मिल्क यांचा जन्मदिवस राज्यात ‘हार्वी मिल्क दिन’ म्हणून पाळण्याच्या विधेयकावर मात्र सही केली.

तरतुदी : मार्क लेनो यांनी मांडलेल्या विधेयकावर गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी जुलै 2011 मध्ये सही केली; 1 जानेवारी 2012 पासून कायदा अमलात आला. नवा विषय किंवा तासिका त्याने निर्माण केली नाही. कोणकोणत्या समूहांचे राज्याच्या व देशाच्या जडणघडणीतील कार्य शिकवावे, याची यादी राज्याच्या शिक्षणसंहितेत आधीपासून होती. स्त्रिया, मूळ अमेरिकन, आफ्रिकन अमेरिकन, मेक्सिकन अमेरिकन, आशियाई अमेरिकन इत्यादींच्या त्या यादीत या कायद्याने भर घातली. लैंगिक कलाच्या आधारे एखाद्या समूहाला हीन लेखणारे शैक्षणिक साहित्य स्वीकारण्यासही मनाई झाली. कोणत्या इयत्तेत, कोणाविषयी आणि किती शिकवावे, हे कायदा सांगत नाही. लैंगिक आरोग्यशिक्षणाच्या तासाला पाल्याला न बसवण्याची पालकांना असलेली सवलत इतिहासाच्या तासाला लागू नाही. खाजगी शाळा कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.

विरोध : कायदा सार्वमताला टाकण्यासाठी विरोधकांना सुमारे 5 लाख सह्या हव्या होत्या, मुदतीत त्या जमल्या नाहीत. नंतरचे तसे प्रयत्नही फसले. मुलांना काय शिकवावे हे ठरवण्याचा पालकांचा हक्क आणि धार्मिक श्रद्धा हे आक्षेपांचे मुख्य आधार होते.

आराखडा (2016) : कायद्याला प्रत्यक्ष शैक्षणिक रूप आले ते पाच वर्षांनी. अर्थसंकल्पीय तुटीमुळे पाठ्यपुस्तके निवडण्याची राज्याची प्रक्रिया 2009 पासून थांबली होती, त्यामुळे कायदा झाल्यावरही जुनीच पुस्तके वर्गांत राहिली. दरम्यान, एलजीबीटी इतिहासाच्या अभ्यासकांच्या समितीने 2014 मध्ये इयत्तावार सूचनांचा अहवाल सादर केला. राज्य शिक्षण मंडळाने जुलै 2016 मध्ये स्वीकारलेल्या इतिहास–सामाजिक शास्त्र आराखड्यात त्यांतील बरेच मुद्दे उतरले.

आराखड्याची मांडणी वयानुसार आहे. दुसरीत कुटुंबांचे विविध प्रकार येतात. दोन आई किंवा दोन वडील असलेले घर त्यांपैकी एक. चौथीत राज्याचा इतिहास शिकवताना सोन्याच्या शोधकाळानंतरचा घोडागाडीचालक चार्ली पार्कहर्स्ट येतो. आयुष्यभर पुरुष म्हणून जगलेल्या पार्कहर्स्टचे शरीर स्त्रीचे असल्याचे 1879 मधील मृत्यूनंतर उघड झाले. आठवीत मूळ अमेरिकन समाजांतील लिंगभावाच्या निराळ्या परंपरा आणि सरहद्दीवरील जीवन यांचा विचार आहे. सर्वाधिक आशय अकरावीत आहे : हार्लेममधील कृष्णवर्णीय साहित्य-कलांचा बहर, शीतयुद्धाच्या काळात समलिंगी असल्याच्या संशयावरून झालेली सरकारी नोकरांची हकालपट्टी, 1950 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेल्या मॅटाशीन सोसायटीसारख्या आरंभीच्या संघटना, 1969 चा स्टोनवॉल उठाव, एड्सची साथ आणि विवाहहक्काचे खटले. व्यक्तींची नावे जोडण्यापेक्षा राज्यसंस्था, कायदा आणि कुटुंब यांच्या इतिहासात हा विषय गुंफणे, ही या आराखड्याची जमेची बाजू मानावी लागेल.

भारतीय वाचकांना हाच आराखडा वेगळ्या कारणाने परिचित आहे. सहावी-सातवीतील प्राचीन व मध्ययुगीन भारताच्या मांडणीवरून, विशेषतः जातिव्यवस्थेचे वर्णन आणि काही ठिकाणी ‘भारत’ऐवजी ‘दक्षिण आशिया’ म्हणण्याची काही प्राध्यापकांची सूचना यांवरून, अमेरिकास्थित हिंदू संघटना, दलित गट व अभ्यासक यांच्यात वाद झाला. सॅक्रामेंटो येथील त्याच सार्वजनिक सुनावण्यांत दोन्ही विषय चर्चिले गेले.

पाठ्यपुस्तके (2017) : बालवर्ग ते आठवीची पुस्तके राज्य मंडळ मंजूर करते, नववी ते बारावीसाठी निवड स्थानिक शाळा-जिल्हा करतो. त्यामुळे आराखड्यातील सर्वांत भरीव इयत्ता, अकरावी, राज्याच्या पुस्तकमंजुरीच्या बाहेर राहते. नोव्हेंबर 2017 मध्ये मंडळाने दहा पुस्तकसंच मंजूर केले आणि ह्यूटन मिफ्लिन हारकोर्ट या प्रकाशनसंस्थेचे दोन संच नाकारले. एलजीबीटी व्यक्तींचा पुरेसा समावेश नसणे हे कारण होते. आजच्या संज्ञा गतकाळातील आयुष्यांना नेमक्या लागू पडतीलच असे नाही, असे प्रकाशकांचे म्हणणे होते. पुस्तकात एखाद्याच्या विवाहाचा व मुलाबाळांचा उल्लेख सहज येतो, मग समलिंगी जोडीदारापुरतीच ही सावधगिरी का, हा समर्थकांचा प्रतिप्रश्न. अंतराळवीर सॅली राइड यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे : टॅम ओशॉनेसी यांच्याबरोबरचे त्यांचे दीर्घ सहजीवन जुलै 2012 मध्ये त्यांच्या निधनानंतरच सर्वांना कळले. त्याआधीच्या पुस्तकांना तो उल्लेख शक्य नव्हता. नंतरच्या पुस्तकांत त्याचा समावेश हा संपादकीय निर्णय ठरतो.

टेमेक्युला प्रकरण (2023) : दक्षिण कॅलिफोर्नियातील टेमेक्युला व्हॅली शाळा-जिल्ह्याच्या मंडळाने प्राथमिक वर्गांची सामाजिक शास्त्राची पुस्तके नाकारली. शिक्षकांसाठीच्या पूरक साहित्यात मिल्क यांचा उल्लेख होता. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी 15 लाख डॉलर दंडाचा इशारा दिल्यावर जुलैमध्ये मंडळाने पुस्तके स्वीकारली. सप्टेंबर 2023 मध्ये असेंब्ली विधेयक क्र. 1078 द्वारे समावेशक आशयाच्या कारणावरून पुस्तके नाकारण्यास बंदी आली आणि आर्थिक दंडाची तरतूद झाली. 2011 च्या कायद्यात उणी राहिलेली अंमलबजावणीची बाजू अशी बारा वर्षांनी भरली गेली.

वर्गातील अध्यापन : शाळा-जिल्ह्यांनुसार भिन्न. बरेचसे शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून.

इतर राज्ये : न्यू जर्सी, कोलोरॅडो, ऑरेगन व इलिनॉय (2019) आणि नेव्हाडा (2021) यांनी तत्सम कायदे केले. फ्लोरिडाचा 2022 चा कायदा उलट दिशेचा आहे. मेरिलँडमधील एका शाळा-जिल्ह्यातील एलजीबीटी आशयाच्या कथापुस्तकांवरून आलेल्या महमूद विरुद्ध टेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये, 6 विरुद्ध 3 मतांनी, धार्मिक कारणास्तव पाल्याला अशा पाठांतून वगळू इच्छिणाऱ्या पालकांच्या बाजूने निर्णय दिला. इतिहासाच्या तासाला तो कितपत लागू होतो, याविषयी मतभेद आहेत.

भारत : असा कायदा नाही. पारलिंगी विद्यार्थ्यांविषयी एनसीईआरटीने 2021 मध्ये काढलेली शिक्षक-प्रशिक्षण पुस्तिका आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून हटवण्यात आली.