निजामी राज्यांतील रसायनशास्त्राची भाषा

परभणी जिल्ह्यांतील वालूर हें बारवांचें गांव. निजामी अमदानींत तेथील मुलास राज्यांतच रसायनशास्त्राची पदवी घ्यावयाची तर सेलूस आगगाडी धरून हैदराबाद गांठावें लागे. आणि तेथें आम्लाशीं व क्षाराशीं गांठ पडण्यापूर्वीं त्याची गांठ उर्दूशीं पडे.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें. इंग्रजी हा विषय सक्तीचा, परंतु शिक्षणाचें माध्यम उर्दू. ग्रंथांची सोय व्हावी म्हणून १९१७ सालींच 'दारुल तर्जुमा' हें भाषांतरखातें निघालें होतें व मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख झाले. काम खरोखर मोठें होतें. असेंद्रिय रसायन म्हणजे 'गैर-नामियाती कीमिया', अणु म्हणजे 'जौहर', रेणु म्हणजे 'सालमा'. संयुजेस त्यांनीं 'गिरफ्त' म्हटलें. एका अणूनें दुसऱ्यास धरून ठेवण्याची ती शक्ति असल्यामुळें हा शब्द मोठा समर्पक आहे. गिरफ्तार होणें मराठी माणसासही ठाऊक असतें! सोनाराच्या दुकानांतलें तेजाबही त्याच्या ओळखीचें. पण पुस्तकांत आम्लास शब्द आला तो 'तुर्शा'.

देशी भाषेंतून उच्च विज्ञान शिकवितां येतें, हें उस्मानियानें दाखवून दिलें, ह्याबद्दल तिला श्रेय दिलेंच पाहिजे. दोष होता तो भाषेच्या निवडींत. राज्यांतील जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगु बोलणारी, सुमारें पाव मराठी. उर्दू मातृभाषा असणारे त्या मानानें फारच थोडे. म्हणजे इंग्रजीचें ओझें ज्यांच्या डोक्यावरून उतरावयाचें, त्यांतील बहुतेकांच्या डोक्यावर दुसरें चढलें.

१९३८ सालच्या वंदे मातरम् चळवळींत विद्यार्थ्यांना उस्मानियांतून काढून टाकण्यांत आलें, तेव्हां त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झाल्यावर उस्मानियाचें माध्यम इंग्रजी झालें आणि 'तुर्शा', 'गिरफ्त' हे शब्द तिच्या प्रयोगशाळांतून गेले. भाषांतरकारांचे इतक्या वर्षांचे श्रम असे बाजूस पडावे, ही हळहळण्यासारखीच गोष्ट होय.

१९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें व हैदराबादची वाट सुटली. शाळेंत रसायनशास्त्र मराठींतून शिकवितां येऊं लागलें. तथापि अकरावीपासून विज्ञानाचें माध्यम इंग्रजीच राहिलें आहे. दहावीपर्यंत ज्यास 'आम्लारि' म्हणून ओळखलें, तोच पदार्थ पुढल्या वर्षीं 'बेस' होऊन येतो. आणि वालूरच्या मुलास त्याची ओळख पुन्हां पहिल्यापासून करून घ्यावी लागते.